महाकाय राजाचे प्रश्न

ब्रॉब्डिंगनॅग या महाकायांच्या देशाचा राजा गलिव्हर या इंग्रज प्रवाशाशी बोलायला बसण्यापूर्वी एक साधी व्यवस्था करून घेत असे. गलिव्हर ज्या लाकडी पेटीत राहायचा, ती पेटी राजाच्या खासगी दालनातील टेबलावर आणून ठेवली जाई. मग राजाच्या सांगण्यावरून गलिव्हर आपली खुर्ची पेटीबाहेर काढी आणि कपाटाच्या माथ्यावर, राजापासून तीन यार्डांच्या आत, मांडून बसे. तेथे बसला की त्याच्याहून बारापट उंच असलेल्या राजाचा चेहरा आणि त्याचा स्वतःचा चेहरा जवळजवळ एका पातळीवर येई. त्यानंतरच संभाषणाला सुरुवात होई.

जोनाथन स्विफ्ट यांच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ या १७२६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागातील हे वर्णन आहे. गलिव्हरला उचलून छपरावर नेणारे माकड याच भागात आहे, मोठ्या कुत्र्याएवढे उंदीर आहेत, पेटीसकट त्याला आकाशात घेऊन जाणारा गरुड आहे. या भागाचा माझा पहिला परिचय मराठीतील एका पातळ, चित्रमय पुस्तकातून झाला. त्यात शेतकरी होता, त्याची मायाळू मुलगी होती, माकड होते, गरुड होता. राजा मात्र एखाद्या ओळीपुरताच होता आणि तो काही बोलत नव्हता. पुढे मूळ पुस्तक वाचले, तेव्हा लक्षात आले की सहावे आणि सातवे ही दोन प्रकरणे, म्हणजे राजा गलिव्हरला त्याच्या देशाविषयी विचारतो आणि ऐकून झाल्यावर आपले मत सांगतो तो सगळा मजकूर, त्या पुस्तकातून पूर्णपणे वगळला गेला होता. मुलांना तो कंटाळवाणा वाटेल, असा विचार त्यामागे असावा. हा विचार मला मान्य नाही, आणि त्यामुळे होणारे नुकसान केवळ बालसाहित्यापुरते नाही. आपल्या देशाविषयी कोणी साधा प्रश्न विचारला तर नागरिकाने काय करावे, हा त्या दोन प्रकरणांचा विषय आहे, आणि तोच आपण मुलांपासून लपवला आहे.

गलिव्हर तेथे पोहोचतो कसा, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. जून १७०२ मध्ये तो ‘ॲडव्हेंचर’ नावाच्या जहाजातून निघतो, आणि ते जहाज सुरतेला जायला निघालेले असते. शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांमुळे मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाचे असलेले हे बंदर या कथेत केवळ नावापुरते येते. केप ऑफ गुड होपला हिवाळा काढून निघालेले जहाज मादागास्करनंतर वादळात सापडते आणि भलतीकडे जाते. पुढच्या वर्षी जूनमध्ये पाण्याच्या शोधात काही खलाशी एका अनोळखी किनाऱ्यावर उतरतात, मागून एक महाकाय माणूस येताना पाहून गलिव्हरला तेथेच सोडून पळतात, आणि चाळीस फूट उंचीच्या पिकात लपलेला हा बोटभर माणूस कापणीला आलेल्या मजुराच्या हाती सापडतो.

येथून पुढे स्विफ्ट यांनी जे केले आहे, ते मला फार विचारपूर्वक केलेले वाटते. लहान जीव मोठ्यांच्या हाती सापडला की मोठे त्याचे काय काय करतात, याचे सगळे नमुने ते एकापाठोपाठ एक मांडतात. शेतकरी त्याला बाजाराच्या दिवशी गावात नेतो आणि खानावळीतील टेबलावर उभा करून पैसे घेऊन दाखवतो. पहिल्याच दिवशी त्याचे बारा खेळ होतात: तलवार फिरवून दाखवायची, अंगुस्तानातून पेय प्यायचे, काडीचा भाला करून कवायत करायची. एक शाळकरी मुलगा त्याच्या डोक्यावर नेम धरून हेझलनट फेकतो. ते लागले असते तर कवटीच फुटली असती. कमाई वाढते तसा शेतकऱ्याचा लोभ वाढतो, गलिव्हर झिजून हाडांचा सापळा होतो, आणि आता हा फार दिवस जगत नाही असे वाटल्यावर शेतकरी त्याला एक हजार सोन्याच्या नाण्यांना राणीला विकून टाकतो.

दरबारात आल्यावर त्याचे हाल थांबतात, परंतु त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी फारशी बदलत नाही. तीन विद्वान त्याला तपासतात, दातांवरून तो मांसाहारी असावा असे ठरवतात, तो बुटका म्हणावा तर राणीचा सर्वांत लहान बुटकाही तीस फुटांचा आहे असा पेच त्यांना पडतो, आणि अखेरीस ही निसर्गाची एक लहर आहे असा निष्कर्ष काढून ते मोकळे होतात. तो स्वतः कोठून आला हे सांगत असताना ते हसतात आणि शेतकऱ्याने याला चांगले पढवले आहे, असे म्हणतात. राणीच्या दासी त्याला बाहुलीसारखा हाताळतात, आणि राणीचा बुटका त्याला सायीच्या भांड्यात टाकून देतो. यांतला कोणीही, शेतकऱ्याची नऊ वर्षांची मुलगी ग्लमडालक्लिच सोडली तर, त्याला माणूस मानत नाही. ग्लमडालक्लिच त्याला भाषा शिकवते, कपडे शिवते, त्याच्यासाठी रडते. मोठ्यांच्या त्या जगात चांगुलपणाचा पहिला अनुभव त्याला येतो तो एका लहान मुलीकडून.

या ठिकाणी वाचकाने पहिल्या भागाच्या शेवटाकडे एकदा परत जावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. लिलिपुट या चिमुकल्या माणसांच्या देशाशेजारच्या, तशाच ब्लेफस्कू देशातून परतताना गलिव्हरने तेथील चिमुकली गुरे बरोबर आणली होती आणि इंग्लंडमधल्या बड्या लोकांना ती दाखवून चांगला पैसा मिळवला होता. तेथील डझनभर माणसेही त्याला आणायची होती. सम्राटाने परवानगी दिली नाही म्हणून ती राहिली. म्हणजे शेतकऱ्याने गलिव्हरचे जे केले, ते करण्याची इच्छा गलिव्हरला आधीच होऊन गेली होती. आता टेबलावर उभे राहून काडी फिरवताना त्याला ती गुरे आठवत नाहीत, आणि पुस्तकभर ती कधीच आठवत नाहीत. हा विस्मरणाचा धागा स्विफ्ट यांनी कोठेही बोलून दाखवलेला नाही, परंतु दुसऱ्या भागाचा सगळा अर्थ मला त्यातच दिसतो. आणि ही केवळ कल्पनेतली गोष्ट नव्हती. माणसे दाखवून पैसे मिळवण्याचा धंदा तेव्हाच्या लंडनच्या जत्रांत सर्रास चालत असे आणि पुढेही चालू राहिला. १८१० साली दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातून सारा बार्टमन या खोईखोई स्त्रीला लंडनमध्ये आणून पिकॅडिलीत असेच पैसे घेऊन दाखवले गेले. १८१५ साली पॅरिसमध्ये तिचा मृत्यू झाल्यावरही तिच्या देहाचे अवशेष संग्रहालयात राहिले, आणि ते मायदेशी परत जायला २००२ साल उजाडावे लागले.

आता राजाकडे येऊ. राजा आरंभापासूनच थोर आहे असे नाही. आरंभी तोही गलिव्हरला हातात धरून गोंजारतो, तू व्हिग की टोरी (इंग्लंडमधले तेव्हाचे दोन राजकीय पक्ष) असे विचारून खदखदा हसतो आणि प्रधानाकडे वळून म्हणतो की असले किडेही ज्याची नक्कल करू शकतात, ते मानवी मोठेपण किती क्षुल्लक असले पाहिजे. गलिव्हरच्या चेहऱ्याचा रंग पालटतो, त्याला देशाचा अपमान झाल्यासारखे वाटते. मात्र थोड्याच दिवसांत, राणी त्याला तळहातावर घेऊन आरशासमोर उभी राहते आणि दोघांची प्रतिमा एकत्र दिसते, तेव्हा त्याला स्वतःलाच हसू येते. पुढे धीर करून तो राजाला सांगतो की बुद्धी शरीराच्या आकारमानाप्रमाणे वाढत नाही, मधमाश्या आणि मुंग्या यांची उद्योगी म्हणून ख्याती मोठ्या प्राण्यांपेक्षा अधिक आहे. राजा हे ऐकून घेतो, आणि येथे त्याचे मत बदलते. विद्वानांना जे जमले नाही ते राजाला जमते: हातात मावणारा प्राणी आपल्याला चूक ठरवतो आहे, हे तो मान्य करतो. त्यानंतर तो इंग्लंडची राज्यव्यवस्था जेवढी काटेकोर सांगता येईल तेवढी सांगायला त्याला सांगतो, कारण एखादी अनुकरणीय गोष्ट कानावर आली तर ती त्याला हवी आहे.

पाच बैठका होतात, प्रत्येक बैठक काही तासांची. गलिव्हर सांगतो आणि राजा टिपणे काढतो. गलिव्हरचे ते निवेदन आज वाचताना मला शाळेतील नागरिकशास्त्राचे पुस्तक आठवते. वरिष्ठ सभागृहात थोर घराण्यांतले, विद्येत आणि शौर्यात तयार झालेले सरदार बसतात. कनिष्ठ सभागृहात जनतेने स्वतः मुक्तपणे निवडलेले, गुणांमुळे आणि देशप्रेमामुळे निवडलेले सभासद बसतात. न्यायासनावर कायद्याचे पूज्य जाणकार बसतात. खजिना काटकसरीने चालतो. सैन्य पराक्रमी आहे. यातले प्रत्येक वाक्य एखाद्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत पूर्ण गुण मिळवील.

सहाव्या बैठकीत राजा आपली टिपणे समोर घेतो आणि विचारू लागतो. या तरुण सरदारांचे शिक्षण कसे होते? नवा सरदार करताना राजाची लहर, दरबारातल्या एखाद्या स्त्रीला किंवा प्रधानाला दिलेला पैसा, एखाद्या पक्षाचे बळ वाढवण्याची गरज, यांतले काही कारणीभूत होते काय? थैली जड असलेला एखादा परका माणूस मतदारांवर प्रभाव पाडून त्यांच्या भागातल्या योग्य माणसाऐवजी स्वतः निवडून येऊ शकतो काय? या सभागृहात बसण्यासाठी पगार नाही, निवृत्तिवेतन नाही, उलट खर्चाने घरे बुडतात, असे तू सांगतोस. मग लोक एवढा आटापिटा कशासाठी करतात, आणि तो खर्च ते कोठून भरून काढतात? न्यायालयात खरे काय, खोटे काय हे ठरायला किती काळ आणि किती पैसा लागतो? उघड अन्यायाची बाजू वकील घेऊ शकतात काय? येथे गलिव्हरला उत्तर स्वतःच्या अनुभवातून देता येते, कारण चॅन्सरी न्यायालयातील एका लांबलेल्या दाव्याने तो जवळजवळ धुळीला मिळाला होता, आणि तो दावा तर तो खर्चासह जिंकला होता.

खजिन्याविषयीचे प्रश्न मला सर्वांत तीक्ष्ण वाटतात. गलिव्हरने वर्षाचा महसूल पाच-सहा दशलक्ष पौंड सांगितला होता आणि पुढे खर्चाचे जे आकडे दिले ते काही वेळा त्याच्या दुपटीहून अधिक भरत होते. राजाने ही टिपणे मुद्दाम नीट ठेवली होती. आकडे खरे असतील तर एखाद्या खासगी माणसासारखे राज्य आपल्या मिळकतीबाहेर खर्च कसे करू शकते, हे त्याला समजत नाही. तुमचे सावकार कोण, आणि त्यांना फेडायला पैसा कोठून आणता, असे तो विचारतो. शांततेच्या काळात, स्वतंत्र लोकांच्या देशात, भाडोत्री खडे सैन्य कोणाच्या भीतीने ठेवले आहे, असेही विचारतो. १७२६ च्या इंग्रज वाचकाला हे प्रश्न दूरच्या देशातले वाटण्याचे कारण नव्हते. १६९४ साली बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली ती सरकारला युद्धासाठी कर्ज देण्याच्या निमित्तानेच. स्पेनच्या गादीसाठी चाललेले युद्ध इंग्लंडसाठी १७१३ च्या युट्रेक्टच्या तहापर्यंत रेंगाळले होते आणि ते कोणाच्या फायद्यासाठी लांबवले जात आहे, हा प्रश्न खुद्द स्विफ्ट यांनी १७११ साली एका पुस्तिकेतून विचारला होता. सरकारी कर्जाशी जोडलेल्या साउथ सी कंपनीच्या शेअरांचा फुगा १७२० साली फुटला आणि असंख्य कुटुंबे धुळीला मिळाली. राजाने टिपणवहीत लिहिलेला प्रत्येक प्रश्न लंडनच्या रस्त्यावर जिवंत होता. विचारायला मात्र साठ-सत्तर फूट उंचीचा परका माणूस कल्पावा लागला.

आणि गलिव्हर काय करतो? तो स्वतःच सांगतो की पुष्कळ प्रश्न त्याने चतुराईने टाळले आणि प्रत्येक मुद्द्याला सत्याच्या काटेकोरपणाला परवडेल त्याहून कितीतरी अधिक अनुकूल वळण दिले. आपल्या राजकीय मातेची व्यंगे झाकावीत आणि तिचे सद्गुण चांगल्या प्रकाशात मांडावेत, हे आपले कर्तव्य आहे असे तो मानतो. ही भूमिका आपल्याला परकी नाही. घरातले घरात राहावे, बाहेरच्यांपुढे बोलू नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि कुटुंबाच्या बाबतीत त्यात काही अर्थही असेल. पण राज्य म्हणजे कुटुंब नव्हे. राज्याच्या व्यंगांची किंमत त्याच राज्यातली दुबळी माणसे मोजत असतात, आणि व्यंग झाकणारा माणूस राज्याला वाचवत नाही, त्या माणसांची दुःखे झाकतो. गलिव्हरने न्यायालयाची अब्रू राखली. दावा जिंकूनही बुडालेला माणूस मात्र तो स्वतःच होता, आणि त्याच्यासारखे इतर कितीतरी होते.

इतके झाकूनही राजाचा निष्कर्ष ठाम निघतो. निसर्गाने पृथ्वीच्या पाठीवर वळवळू दिलेल्या क्षुद्र, किळसवाण्या किड्यांमध्ये तुझ्या देशबांधवांपैकी बहुतेक जण सर्वांत घातक आहेत, असे तो म्हणतो. हे वाक्य प्रसिद्ध आहे आणि त्यावरून स्विफ्ट हे मानवद्वेष्टे होते, असे आजवर अनेकदा म्हटले गेले. मला ते पटत नाही. राजा हे बोलताना गलिव्हरला दोन्ही हातांत घेऊन हळुवारपणे कुरवाळत असतो, आणि आयुष्याचा बराच काळ प्रवासात गेल्यामुळे तू तरी आपल्या देशाच्या अनेक दोषांतून सुटला असशील, अशी आशा व्यक्त करतो. तिरस्कार करणाऱ्याला पाच बैठका ऐकण्याचा धीर नसतो.

ही आशा किती फोल होती, हे लगेच पुढच्या प्रकरणात दिसते. राजाची मर्जी संपादन करावी म्हणून गलिव्हर त्याला आपल्या खंडातली सर्वांत मौल्यवान विद्या देऊ करतो: बंदुकीची दारू आणि तोफा. तीन-चारशे वर्षांपूर्वी लागलेला हा शोध सैन्याच्या रांगाच्या रांगा कशा उडवतो, तटबंदी कशी जमीनदोस्त करतो, जहाजे कशी बुडवतो, हे तो उत्साहाने सांगतो. राजा भयचकित होतो. एवढासा दुबळा, सरपटणारा किडा इतक्या अमानुष कल्पना मनात बाळगतो आणि रक्तपाताची दृश्ये इतक्या निर्विकारपणे रंगवतो, याचे त्याला आश्चर्य वाटते. हे रहस्य जाणून घेण्यापेक्षा अर्धे राज्य गेले तरी चालेल, असे सांगून तो जीव प्यारा असेल तर हा विषय पुन्हा काढू नकोस, अशी ताकीद देतो. यावर गलिव्हरचा अभिप्राय असा की कोत्या तत्त्वांचा आणि आखूड दृष्टीचा हा परिणाम आहे.

या नकाराविरुद्ध एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. ब्रॉब्डिंगनॅग हा द्वीपकल्पासारखा देश आहे. एका बाजूला तीस मैल उंचीचे ज्वालामुखी पर्वत आहेत आणि बाकीच्या बाजूंनी खडकाळ, खवळलेला समुद्र असल्यामुळे एकही बंदर नाही. बाहेरचा शत्रू ज्याला ठाऊकच नाही त्याने तोफ नाकारण्यात काय मोठेपणा, असे हा आक्षेप म्हणतो. पण मूळ मजकूर बारकाईने वाचावा. गलिव्हर तोफ देऊ करतो ती बाहेरच्या शत्रूसाठी नव्हे. राज्यातील एखादे बळकट शहर किंवा खुद्द राजधानी राजाची अनिर्बंध आज्ञा मोडू लागली, तर ती काही तासांत उद्ध्वस्त करता येईल, असे तो म्हणतो. प्रजेचे प्राण, स्वातंत्र्य आणि संपत्ती यांचा निरंकुश स्वामी होण्याची संधी राजाने हातची घालवली, याचे त्याला वाईट वाटते. त्या देशातही सरदारांची सत्तेसाठी, लोकांची स्वातंत्र्यासाठी आणि राजांची एकतंत्री राज्यासाठी अनेक युगे झुंज चाललेली होती आणि तीतून यादवी युद्धे झाली होती. शेवटचे यादवी युद्ध या राजाच्या आजोबाने सर्वांच्या संमतीने मिटवले, आणि तेव्हापासून सैन्य म्हणजे व्यापारी आणि शेतकरी यांचेच, बिनपगारी, ठेवण्यात आले. तेव्हा मोह नव्हता म्हणून राजाने नकार दिला, असे म्हणता येणार नाही. मोहाचा सगळा इतिहास त्याच्या घराण्यामागे होता. सत्ताधाऱ्याच्या हाती प्रजेवर वापरता येईल असे नवे साधन येते, तेव्हा ते घ्यावे की नाही, हा प्रश्न तोफेबरोबर संपलेला नाही, आणि साधन उपलब्ध आहे म्हणून वापरलेच पाहिजे असे मानणारे गलिव्हरही संपलेले नाहीत.

याच प्रकरणात राजा म्हणतो की जेथे एक कणीस येत होते तेथे दोन कणसे पिकवणारा माणूस सगळ्या राजकारण्यांच्या जातीपेक्षा मानवजातीचे अधिक भले करतो. या वाक्याचा उपयोग पुष्कळ वेळा शेतीच्या गौरवासाठी केला जातो, आणि तो योग्यच आहे. तरी हे वाक्य तोफेच्या नकारानंतर लगेच येते, हे ध्यानात ठेवावे. कोणते ज्ञान हवे आणि कोणते नको, याचा निर्णय राजाने आधी केलेला आहे. तेथील कायद्यातील शब्दांची संख्या त्यांच्या वर्णमालेतील बावीस अक्षरांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि राजाच्या ग्रंथालयात हजाराच्या आसपासच ग्रंथ आहेत. हे सारे मला अनुकरणीय वाटते असे नाही. कायद्यावर भाष्य लिहिणाऱ्याला तेथे देहदंड आहे, आणि ज्या राज्यात कायद्यावर लिहिता येत नाही तेथे राहण्याची माझी इच्छा नाही.

राजालाही मी देव्हाऱ्यात बसवणार नाही. त्याच्या राजधानीत अंगावर व्रणांच्या गुहा झालेले भिकारी आहेत, ज्या शेतकऱ्याने गलिव्हरला झिजवले तो त्याचाच प्रजाजन आहे, आणि गलिव्हरच्या आकाराची एखादी स्त्री मिळाल्यास या जातीची पैदास करावी अशी खुद्द त्याची इच्छा आहे. पाळीव पक्ष्यांसारखी पिंजऱ्यात राहणारी आणि बड्या लोकांना विकली जाणारी संतती मागे ठेवण्यापेक्षा मरण बरे, असे गलिव्हर म्हणतो, आणि साऱ्या प्रवासात याच एका ठिकाणी तो मला पूर्ण अर्थाने मोठा वाटतो. शहाणा प्रश्न विचारणाऱ्या राजालाही समोरच्या लहान माणसाला स्वातंत्र्य द्यावे, हे सुचले नाही. परंतु ही उणीव दाखवल्यामुळे राजाचे प्रश्न रद्द होत नाहीत. प्रश्न विचारणाऱ्याच्या घरातली धूळ दाखवून प्रश्न झटकून टाकण्याची सवय सार्वजनिक चर्चेत फार बोकाळली आहे. विचारणारा निर्दोष असावा ही अट घातली, तर जगात कोणीच कोणाला काही विचारू शकणार नाही.

स्विफ्ट यांनी स्वतः ही सवय लावून घेतली नव्हती. ते डब्लिनमध्ये १६६७ साली जन्मले, १७१३ पासून तेथील सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचे डीन, म्हणजे प्रमुख धर्मगुरू, होते, आणि हे पुस्तक लिहीत असतानाच, १७२४ साली, सरकारी सनद मिळवून विल्यम वुड यांनी पाडलेल्या आणि आयर्लंडवर लादल्या जाणाऱ्या तांब्याच्या नाण्यांविरुद्ध त्यांनी एका कापडव्यापाऱ्याच्या नावाने पत्रे लिहिली. लेखकाला पकडून देणाऱ्यास सरकारने तीनशे पौंडांचे बक्षीस लावले. लेखक कोण हे डब्लिनला ठाऊक असूनही कोणी पुढे आले नाही, आणि १७२५ साली नाण्यांची सनद मागे घ्यावी लागली. ज्या माणसाने आपल्या लोकांसाठी एवढा धोका पत्करला, त्याला देशप्रेम म्हणजे काय हे कळत नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्याने गलिव्हरचे झाकणारे देशप्रेम आणि राजाचे विचारणारे मन समोरासमोर बसवले, एका कपाटाच्या उंचीवर.

एक छोटा तपशील मला सारखा आठवतो. ग्लमडालक्लिचच्या खोलीत एक जुने पुस्तक असते, आणि त्यात लिहिलेले असते की निसर्गाचा ऱ्हास होत चालला आहे, पूर्वीची माणसे आताच्यापेक्षा मोठी होती, आता आपण दुबळे आणि लहान झालो आहोत. म्हणजे या महाकायांनाही आपण लहान झालो असे वाटते, आणि छपरावरून पडलेल्या कौलाने किंवा एखाद्या मुलाने फेकलेल्या दगडाने आपण मरू शकतो, ही जाणीव त्यांना आहे. ज्या देशात असे पुस्तक एका मुलीच्या शिक्षिकेच्या हाती असते, त्या देशाच्या राजाने परक्याला खुर्ची द्यावी, हे मला स्वाभाविक वाटते.

आता आपल्या पुस्तकांविषयी. संक्षेपाला माझा विरोध नाही; सात-आठ वर्षांच्या मुलाने माकड आणि गरुड यांच्यावरच प्रेम करावे. परंतु तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला, ज्याला त्याच वर्षी संसद, न्यायमंडळ आणि अर्थसंकल्प शिकवले जातात, हीच कथा पुन्हा संपूर्ण मिळाली पाहिजे, चांगल्या मराठीत, सहाव्या आणि सातव्या प्रकरणांसह. सातव्या प्रकरणाच्या आरंभी गलिव्हर म्हणतो की सत्यावरील आत्यंतिक प्रेमामुळेच आपल्याला हा भाग लपवता आला नाही. जे गलिव्हरला लाज वाटत असूनही लपवता आले नाही, ते त्याच्या संक्षेपकारांनी विनासंकोच लपवले. ही दोन प्रकरणे फार मोठी नाहीत. वर्गात दोन तासिका पुरतील. पहिल्या तासिकेला गलिव्हरने केलेले इंग्लंडचे वर्णन मोठ्याने वाचावे. दुसऱ्या तासिकेला राजाचे प्रश्न वाचावेत, एकेक करून, आणि प्रत्येक प्रश्नाशी थांबून मुलांना आपापल्या वहीत उत्तर लिहायला सांगावे, आपल्या देशाविषयी, आपल्या जिल्ह्याविषयी, आपल्या गावाविषयी.